झाकलेला बोल्ट, पुरलेला बोल्ट : घरगुती आर्केड पॅनेलचा एक विचार

नव्वदच्या दशकात ज्यांनी आपल्या शहरांतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खाऊचे पैसे घालवले, त्यांना ‘मुस्तफा’ नक्की आठवत असेल. कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा खेळ आपल्याकडे त्याच्या इंग्रजी नावाने फारसा कोणी ओळखलाच नाही. त्यातल्या एका पात्राचे नाव साऱ्या खेळाला पडले. त्या खेळाचा पडदा, त्याचे संगीत, मागे उभे राहून फुकट सल्ले देणारी पोरे, हे सगळे आठवते. आता हात ज्या फळीवर टेकलेले असत ती फळी आठवून पाहा. जॉयस्टिकच्या भोवती चार बोल्टांची डोकी दिसत होती की नव्हती? बहुतेकांना सांगता येणार नाही. मलाही सांगता येत नाही.

प्रस्तुत लेख त्या चार डोक्यांविषयी आहे. विषय किरकोळ वाटेल याची कल्पना आहे. परंतु गेली पंचवीसेक वर्षे जगभर हजारो हौशी माणसे घरच्या घरी आर्केड यंत्रे बांधत आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला एका टप्प्यावर हा प्रश्न पडतोच : जॉयस्टिक धरून ठेवणारे बोल्ट वरून दिसू द्यावेत की लपवावेत? या प्रश्नावर तावातावाने मते मांडली जातात. एक पक्ष म्हणतो, दिसणारा बोल्ट म्हणजे अर्धवट काम. दुसरा म्हणतो, बोल्ट दिसत नाहीत ते आर्केड नव्हे, फर्निचर. माझ्या मते दोन्ही पक्ष प्रश्न चुकीच्या जागी धरून बसले आहेत. दिसणे आणि न दिसणे यांपेक्षा महत्त्वाचा असा एक भेद या वस्तूत आहे. तो दाखवणे हा या लेखाचा हेतू.

१. बोल्ट तिथे आला कसा

अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा धंदा १९७२ सालच्या अटारीच्या ‘पाँग’नंतर फोफावला. ही यंत्रे घरासाठी नव्हती. ती बारमध्ये, पिझ्झाच्या दुकानांत, मॉलमध्ये उभी राहत, दिवसभर नाणी गोळा करत आणि दिवसभर मार खात. यंत्राचा मालक बहुधा वेगळाच असे. तो ठरावीक दिवशी येऊन गल्ला रिकामा करी आणि बिघडलेले भाग बदली. यंत्र बंद म्हणजे कमाई बंद. साहजिकच कंट्रोल पॅनेलची रचना करताना पहिला विचार असे तो मजबुतीचा आणि झटपट दुरुस्तीचा.

या गरजेला उत्तर म्हणून जो बोल्ट अनेक अमेरिकी पॅनेलांवर दिसतो तो कॅरेज बोल्ट. नावाप्रमाणेच हा मूळचा घोडागाडीच्या लाकडी सांगाड्याचा बोल्ट. त्याचे डोके घुमटासारखे गुळगुळीत असते. त्यावर स्क्रू-ड्रायव्हरची खाच नाही की पाना बसेल असे षट्कोनी पैलू नाहीत. डोक्याच्या लगेच खाली मान चौकोनी असते. ही चौकोनी मान लाकडात रुतते, किंवा पत्र्याला पाडलेल्या चौकोनी भोकात अडकते, आणि बोल्ट जागच्या जागी फिरण्याचे थांबते. म्हणजे वरून कोणी धरायची गरज नाही. एकटा माणूस पॅनेल उघडतो, खाली हात घालून चार नट सोडतो, जॉयस्टिक काढतो, दुसरी बसवतो. शिवाय वरून पकडच नसल्याने टवाळ गिऱ्हाइकाला बोल्ट सोडता येत नाही, आणि घुमटाकार डोके हाताला बोचत नाही.

त्या बोल्टात दाखवण्याचा कसलाही उद्देश नव्हता हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तो दिसत होता, कारण तो लपवण्यासाठी खर्च करण्याचे कोणालाच कारण नव्हते. पुष्कळदा डोकी काळी असत, म्हणजे पॅनेलवरच्या चित्रात ती जरा बुडून जात, इतकेच. अमेरिकेतही काही पॅनेलांच्या पत्र्याला खालून आटे पाडलेल्या खुंट्या, म्हणजे स्टड, जोडलेले असत आणि वरून काहीच दिसत नसे. तेव्हा ‘अस्सल आर्केड म्हणजे दिसणारे बोल्ट’ हे समीकरण इतिहासाला धरून नाही.

जपानची वाट वेगळी. तिथल्या आर्केडमध्ये खेळाडू यंत्रापुढे बसून खेळे. सेगाच्या १९९३ सालच्या ‘ॲस्ट्रो सिटी’ या कॅबिनेटचे पॅनेल पत्र्याचे आहे. जॉयस्टिक एका पोलादी पट्टीवर बसते आणि ती पट्टी पॅनेलच्या खालच्या अंगाला असलेल्या स्टडवर नटांनी आवळली जाते. वर दिसतो तो फक्त दांडा आणि त्यावरचा गोळा. सान्वा आणि सेइमित्सू या कंपन्यांच्या जॉयस्टिक याच पद्धतीसाठी घडवलेल्या आहेत. गोळा वरून किंवा खालून बोटांत धरताना मनगट पॅनेलच्या अगदी जवळ येते. तिथे सपाट पृष्ठभाग असणे हाताच्या सोयीचे आहे. येथेही दुरुस्तीचा रस्ता अमेरिकेइतकाच मोकळा आहे. पॅनेल उघडा, नट सोडा, पट्टी खाली येते.

म्हणजे धंद्याच्या दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान होती. बोल्ट दिसो वा न दिसो, नट नेहमी हाताशी होता.

२. फळी घरी येते

५ फेब्रुवारी १९९७ रोजी निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ या प्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या आर्केड यंत्रांचे काम साध्या संगणकावर हुबेहूब करून दाखवणारी ही प्रणाली. खेळ मिळाले, उणीव राहिली ती हाताची. कीबोर्डच्या बाणांवर ‘पॅक-मॅन’ खेळणे म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्यांवर सतार वाजवण्यासारखे. त्यातून घरी पॅनेल आणि पुढे पूर्ण कॅबिनेट बांधण्याचा छंद वाढला. २००४ साली जॉन सेंट क्लेअर यांचे ‘प्रोजेक्ट आर्केड’ हे या विषयाला वाहिलेले जाडजूड पुस्तक निघाले, यावरून छंदाचा विस्तार लक्षात यावा.

घरी काम करणाऱ्याकडे पत्रा कापण्याचे आणि त्याला स्टड जोडण्याचे साधन क्वचितच असते. त्याच्याकडे असते ती सुमारे १९ मिलिमीटर जाडीची एमडीएफ किंवा प्लायवूडची फळी, ड्रिल, आणि जमल्यास राऊटर. येथूनच खरी अडचण सुरू होते.

जॉयस्टिकचा दांडा ठरावीक लांबीचा असतो. तो जाड फळीतून वर काढला तर फळीच त्यातला बराचसा भाग गिळते आणि हातात आखूड खुंट उरतो. म्हणून फळीला खालून राऊटरने खळगा करतात आणि जॉयस्टिकचा पाया त्या खळग्यात वर सरकवतात. दांडा पुरेसा वर येतो, पण पायाच्या वर आता लाकडाचा जेमतेम काही मिलिमीटरचा पापुद्रा उरतो. त्यात खालून स्क्रू मारावा तर आट्यांना धरायला लाकूडच नाही. मोठा स्क्रू घ्यावा तर टोक वर निघते. त्यात एमडीएफ म्हणजे दाबून चिकटवलेला भुसा. उभ्या ओढीला त्याचे थर सुटतात. मारामारीच्या खेळात जॉयस्टिकला बसणारे हिसके ध्यानात घेता, आरपार बोल्ट हाच तिथे भरवशाचा उपाय ठरतो. आणि आरपार बोल्ट म्हटला की त्याचे डोके वर येणारच.

दांड्याला वर आणण्यासाठी लाकूड पातळ करावे लागते, लाकूड पातळ केल्यामुळे बोल्ट वर आणावा लागतो. घरगुती पॅनेलवरचा सारा वाद या एका साखळीतून निघालेला आहे. तो रुचीचा वाद म्हणून मांडला जातो, पण त्याचे मूळ फळीच्या जाडीत आहे.

३. लपवण्याचे दोन प्रकार

लपवण्याचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. चार खेळाडूंच्या पॅनेलवर चार जॉयस्टिक म्हणजे सोळा डोकी होतात. त्यात पन्नासेक बटणे आणि ट्रॅकबॉल. अशा पॅनेलवर सुंदर चित्र छापून लावले की बोल्ट कुणाच्या डोळ्यात, कुणाच्या गालात उगवतो. एकसंध पृष्ठभागाला सौंदर्य असते, तो पुसायला सोपा असतो आणि मनगटाला सुखाचा. हे सारे खरे आहे.

परंतु लपवणे एकाच प्रकारचे नसते. मराठीत त्यासाठी दोन चांगली क्रियापदे आहेत : झाकणे आणि पुरणे. झाकलेली वस्तू झाकण उचलल्यावर हाती येते. पुरलेली वस्तू काढायची तर वरचे सगळे खणावे लागते.

झाकण्याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे पॅनेलवर ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा. सपाट डोक्याचे बोल्ट लाकडात समतल बसवायचे, त्यावर छापील चित्र ठेवायचे, त्यावर पारदर्शक पत्रा, आणि हे सगळे बटणांनीच दाबून धरायचे. जॉयस्टिकचा गोळा काढला, बटणे सोडली की पत्रा आणि चित्र अखंड उचलले जाते आणि बोल्ट समोर येतात. अर्धा तास मोडतो, पण काही फाटत नाही. यात ॲक्रिलिकला भोके पाडताना तडा जाण्याची भीती असते, तर पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर उमटतात. ज्याने त्याने आपले दुःख निवडावे.

दुसरा नमुना म्हणजे जपानी पट्टीचे लाकडातले रूप. जॉयस्टिक रुंद पोलादी पट्टीवर बसवायची आणि पट्टी खळग्याच्या बाहेर, जिथे फळीची पूर्ण जाडी शिल्लक आहे तिथे, खालून आवळायची. आट्यांना धरायला लाकूड मिळते, वर काही येत नाही. पट्टीच्या जाडीचा हिशेब खळग्याच्या खोलीत आधीच धरावा लागतो, एवढेच.

पुरण्याची पद्धत मात्र वेगळी. सीएसके बोल्ट वरून खोल बसवायचा, त्यावर मोटारीच्या डेंटिंगला वापरतात ती लांबी भरायची, घासून गुळगुळीत करायचे आणि वर चिकट व्हिनाइलवर छापलेले चित्र कायमचे डकवायचे. पहिल्या दिवशी हे पॅनेल सर्वांत देखणे दिसते.

माझे पहिले पॅनेल या पद्धतीने केलेले होते, म्हणून त्याविषयी अनुभवाने लिहितो. पहिल्या पावसाळ्यात एमडीएफ दमटपणाने किंचित फुगले, लांबी फुगली नाही. चित्राखाली आठ गोल वळे उमटले. पाऊस ओसरला तरी वळे गेले नाहीत. पुढे एक जॉयस्टिक डळमळू लागली. खालून नट आवळायला गेलो तर नटाबरोबर बोल्टच फिरू लागला. सीएसके बोल्टाला चौकोनी मान नसते; त्याला थोपवायचे तर डोक्याच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालायला हवा, आणि ती खाच लांबीच्या आणि चित्राच्या खाली पुरलेली. चार रुपयांच्या बोल्टासाठी मला संपूर्ण चित्र फाडावे लागले. गुळगुळीत दिसावे म्हणून मी जो रस्ता बुजवला होता, तो मलाच उघडावा लागला. तो दुसऱ्या कोणाला उघडावा लागला असता तर त्याने मला काय म्हटले असते, ते लिहिण्यासारखे नाही.

४. दाखवण्याचेही दोन प्रकार

बोल्ट दिसू देणे आणि बोल्ट दाखवणे हेही एक नव्हे. अमेरिकी पॅनेलवरचा कॅरेज बोल्ट दिसत होता, त्याला कोणी दाखवत नव्हते. घरगुती पॅनेलवर मात्र त्याच बोल्टाला एक भाषण करावे लागते : हे पाहा, मी अस्सल आहे. मग डोक्यांना चकाकी येते, ती पितळी होतात, चित्रापेक्षा तीच आधी डोळ्यांत भरतात.

या मोहाचा कलेच्या इतिहासात एक नामांकित दाखला आहे. वास्तुशिल्पी ओटो वाग्नर यांनी व्हिएन्नामध्ये बांधलेली पोस्टाच्या बचत बँकेची इमारत. तिचा पहिला टप्पा १९०४ ते १९०६ या काळात झाला. दर्शनी भिंतीवर संगमरवराच्या पातळ लाद्या आहेत आणि त्यांवर ओळीने बोल्टांची डोकी, ॲल्युमिनियमच्या टोप्या घातलेली. पाहणाऱ्याला वाटते, या लाद्या बोल्टांनी धरल्या आहेत. वास्तू-इतिहासकारांनी नंतर दाखवून दिले की लाद्या मुख्यतः मागच्या मसाल्याने धरलेल्या आहेत. बोल्टांचा उपयोग मसाला सुकेपर्यंतचा, आणि त्यापुढे त्यांचे काम बरेचसे सांगण्याचे. तरीही ती इमारत खोटी ठरत नाही. त्या बोल्टांनी एकेकाळी काहीतरी धरले होते, आणि लादी हे भिंतीचे वेष्टन आहे, स्वतः भिंत नव्हे, ही खरी गोष्ट ते आजही सांगतात.

हाच निकष आपल्या पॅनेलला लावता येतो. बोल्टाचे डोके चकचकीत असले तरी ते जॉयस्टिक धरत असेल तर तक्रार फक्त रुचीची उरते. पण जॉयस्टिक खालून पट्टीवर बसवली आहे आणि वरून केवळ जुनेपणाचा भास आणण्यासाठी चार निरुपयोगी डोकी चिकटवली, तर ती लांबीखाली पुरलेल्या बोल्टाची जुळी भावंडे ठरतात. एकाने असलेले नाही असे भासवले, दुसऱ्याने नसलेले आहे असे. उद्या दुरुस्त करणारा माणूस ती डोकी पाहून खाली नट शोधत बसेल.

येथे बाजारातल्या एका वस्तूचाही उल्लेख करायला हवा. २००९ साली ‘स्ट्रीट फायटर ४’च्या निमित्ताने मॅड कॅट्झ कंपनीने आणलेल्या ‘टूर्नामेंट एडिशन’ फाइट-स्टिकवर जॉयस्टिकभोवती एकही बोल्ट दिसत नाही. पण वरचा पत्रा पेटीला जोडणारे ॲलन स्क्रू कडेला उघडे आहेत. ते सोडले की पत्रा निघतो आणि चित्रही बदलता येते. बोल्ट नाहीसा झाला नाही, तो हात पोचत नाही अशा जागी सरकला. लपवाछपवीच्या वादात हे फारसे लक्षात घेतले जात नाही. यंत्रात कुठेतरी काहीतरी आवळलेले असणारच. करणाऱ्याच्या हातात असते ती फक्त जागा ठरवणे.

५. निकष आणि निर्णय

वरील विवेचनातून चार भेद हाती येतात : दिसू देणे, दाखवणे, झाकणे आणि पुरणे. यांत पहिला आणि तिसरा मला ग्राह्य वाटतो, दुसरा मर्यादेत चालेल, चौथा त्याज्य. पॅनेल पारखताना विचारायचा पहिला प्रश्न असा : चित्र न फाडता, साध्या हत्यारांनी, ही जॉयस्टिक बाहेर काढता येते का? जॉयस्टिकमधले मायक्रोस्विच झिजणारे आहेत, दांडा सैल पडणारा आहे. दुरुस्ती हा या वस्तूच्या आयुष्यातला अपघात नाही, तो तिचा नित्यक्रम आहे. या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर पुढचे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

उत्तर होकारार्थी असेल तर दुसरा प्रश्न हाताचा. मनगट जिथे टेकते तिथे डोके येते का? गोळ्याची जपानी जॉयस्टिक वापरणाऱ्याने वरचा भाग सपाट ठेवावा. उंच, लंबगोल मुठीच्या अमेरिकी जॉयस्टिकला घुमटाकार डोक्याचा त्रास कमी होतो. तिसरा प्रश्न चित्राचा, आणि येथे दोष बोल्टापेक्षा चित्रकाराचा असतो. बहुतेक घरगुती पॅनेलांवर आधी चित्र ठरते आणि मग त्यावर भोके पडतात. भोकांचा आराखडा आधी मांडून त्याभोवती चित्र रचले, डोक्यांची जागा गडद रंगाच्या पट्ट्यात येऊ दिली, तर बोल्ट कोणाच्याही गालावर उगवत नाही. चौथा प्रश्न संख्येचा. सोळा डोकी खुपत असतील तर बहुधा चार जॉयस्टिक जास्त झालेल्या असतात. सगळे खेळ एकाच फळीवर कोंबणाऱ्या अशा पॅनेलांना छंदिष्टच चेष्टेने ‘फ्रँकनपॅनेल’ म्हणतात. तिथे बोल्ट लपवल्याने गर्दी कमी होत नाही.

निर्णय द्यायचाच तर तो द्रव्यावर सोपवावा असे मला वाटते. पत्र्याचे पॅनेल असेल तर खालून स्टडवर आवळणे त्याच्या स्वभावाला धरून आहे. तिथे बोल्ट वर आणण्याचे कारण नाही. लाकडाची फळी खळगा करून पातळ केली असेल तर आरपार कॅरेज बोल्ट, काळ्या डोक्याचा, ही तिची रीत आहे. ती दिसल्याने काम अर्धवट ठरत नाही. लाकडाला पत्र्यासारखे गुळगुळीत दिसायला लावण्याच्या हट्टातूनच लांबी जन्माला येते.

या हट्टामागे आणखी एक गोष्ट आहे असा मला संशय आहे. हाताने केलेली वस्तू विकत आणल्यासारखी दिसावी, ही आपली जुनी हौस आहे. पाहुण्याने ‘कुठून घेतलेत?’ असे विचारले की आपण सुखावतो. त्या एका प्रश्नासाठी करणाऱ्याच्या हाताच्या सगळ्या खुणा आपण पुसून टाकतो, आणि त्या खुणांबरोबर नंतर येणाऱ्या हातासाठीची वाटही पुसली जाते. कारखान्यातल्या यंत्राला निदान दुरुस्तीचे पुस्तक असते. घरी केलेल्या यंत्राचे पुस्तक म्हणजे त्याचे दिसणारे सांधे. करणारा विसरेल, गाव सोडेल, एक दिवस नसेलही; तेव्हा त्याच्या मुलीने किंवा जुन्या बाजारातून ते पॅनेल घेणाऱ्याने नुसते पाहून ओळखावे की कुठे पाना लावायचा. पार्लरमधल्या यंत्राला दर आठवड्याला मालक येत असे. घरच्या यंत्राकडे कोण येणार हे माहीत नसते, म्हणून तिथे हा विचार अधिक करायला हवा.

मी फाडलेल्या चित्राच्या जागी नवे चित्र लावले, आणि यावेळी आठ कॅरेज बोल्ट आरपार घातले. भोकांचा आराखडा आधी काढूनही माप चुकले, आणि त्यांतला एक चित्रातल्या पहिलवानाच्या खांद्यातून जातो. पाहणारे अजून त्यावर बोट ठेवून हसतात. मागच्या उन्हाळ्यात एक जॉयस्टिक बदलायची होती, तेव्हा भाच्याच्या हाती पाना दिला आणि काही न सांगता बाजूला बसलो. दहा मिनिटांत त्याने ती काढून दाखवली.